अनामिका लांब म्हणून मुलीचा मेंदू ‘पुरुषी’? बोटं मोजणाऱ्या शिबिरांबद्दल

रानजाई
सोमवार, रात्री १०:५२

आमच्या सोसायटीत (गोरेगाव पूर्व) काल एका क्लासवाल्यांनी शिबिर लावलं होतं. नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. मुलांच्या बोटांचे ठसे घ्यायचे, बोटं मोजायची आणि मूल ‘जन्मतः कशासाठी बनलंय’ ते सांगायचं. मजल्यावरच्या सगळ्यांनी नावं दिली म्हणून मीही दिलं. लेक चार पूर्ण, ज्युनियर केजीत आहे.

आज चकचकीत अहवाल आला. त्यातला मजकूर जसाच्या तसा:

“उजवा हात: तर्जनी ४२ मिमी, अनामिका ४४ मिमी. गुणोत्तर ०.९५. पुरुषी प्रकार. गणित, यंत्रे व मैदानी खेळांकडे कल. भाषा व भावनिक जवळीक मर्यादित राहण्याची शक्यता.”

खाली त्यांच्याच रोबोटिक्सच्या बॅचचं सवलतीचं कूपन.

माझी लेक दिवसभर बोलते. झोपेतही बोलते. तरी सासूबाई संध्याकाळपासून तिचा हात धरून उलटसुलट बघतायत. मुलगे आणि मुली यांच्या बोटांत खरंच फरक असतो का? असलाच तर इतक्या लहान वयात दिसतो का? आणि त्यावरून मेंदूबिंदू कळतो का? कोणी नीट माहिती असलेलं असेल तर सांगा. गूगलवर अर्धे लोक छाती ठोकून हो म्हणतात, उरलेले थट्टा करतात.

लोकलप्रवासी
सोमवार, रात्री ११:१०

आजच्या ८:१४च्या फास्टला कड्या धरलेले हात आठवून बघितले. सगळे पुरुषी प्रकारचे निघाले.

डबा जेंट्सचा होता म्हणा.

विक्षिप्त_वामन
सोमवार, रात्री ११:२५

हे हस्तसामुद्रिकच आहे, फक्त कुडमुड्या जोशाने कोट घातलाय आणि हातात फुटपट्टी घेतलीय. बोटाच्या लांबीवरून स्वभाव सांगणं म्हणजे शुद्ध थोतांड. चर्चाच कशाला करायची? अहवाल रद्दीत टाका, कूपन शेजारणीला द्या.

हाडवैद्य
मंगळवार, सकाळी ६:४०

पेशाने शरीररचनाशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडं लांबण लागेल. वामनराव, अहवाल रद्दीत टाकायला माझी हरकत नाही, पण बोटांतला फरक थोतांड नाही.

तर्जनीच्या लांबीला अनामिकेच्या लांबीने भागायचं, ते हे गुणोत्तर. शोधनिबंधांत त्याला २डी:४डी म्हणतात, कारण अंगठ्यापासून मोजलं की तर्जनी दुसरी आणि अनामिका चौथी. पुरुषांत सरासरीने अनामिका तर्जनीपेक्षा जरा जास्त लांब, बायकांत दोन्ही जवळपास सारख्या. म्हणजे पुरुषांचं गुणोत्तर किंचित कमी. एकर नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८७५ मध्येच या बोटांच्या फरकावर लिहिलं होतं. पुढे शंभराहून जास्त वर्षं तो विषय तसा कोपऱ्यात पडून होता. १९९८ मध्ये लिव्हरपूलचे जॉन मॅनिंग आणि सहकाऱ्यांचा निबंध आला आणि मग जो तो बोटं मोजायला लागला. त्याच निबंधात दोन वर्षांच्या मुलांपासून मोठ्यांपर्यंतचे हात होते, आणि फरक लहानग्यांतही दिसला होता.

लहान मुलांवर संशोधकांचा एवढा डोळा का, हे समजून घेण्यासारखं आहे. मोठ्या माणसाच्या हातात फरक दिसला तर कोणीही म्हणेल की वयात येताना संप्रेरकं (हार्मोन्स) बदलतात, हाडं वाढतात, त्यातून आला असेल. चार वर्षांच्या पोरांत तो प्रकार अजून घडलेलाच नसतो. त्यांच्यात फरक दिसला म्हणजे त्याचं मूळ त्याआधीचं, बहुधा गर्भातलं.

गर्भात आठव्या आठवड्याच्या सुमारास हाताची बोटं सुटी होतात, आणि मुलग्याच्या गर्भात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक तयार व्हायला लागतं तेही साधारण तेव्हाच. शिवाय बोटांची आणि जननेंद्रियांची घडण करणाऱ्या जनुकांचं एक कुटुंब सामाईक आहे, हॉक्स जनुकं. २०११ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातल्या झेंग आणि कोन यांनी उंदरांवर प्रयोग केले. त्यांना चौथ्या बोटाच्या उगवत्या हाडात टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन (बायकांचं मुख्य संप्रेरक) यांचे ग्राहक, म्हणजे पेशीत संप्रेरकाचा संदेश टिपणारी प्रथिनं, दुसऱ्या बोटापेक्षा जास्त सापडले. टेस्टोस्टेरॉनचा ग्राहक बंद केला तर चौथं बोट कमी वाढलं, इस्ट्रोजेनचा बंद केला तर जास्त वाढलं. म्हणजे अनामिका या संप्रेरकांचं जास्त ऐकते. निदान उंदरांत तरी.

ओपीडी आहे, बाकीचं रात्री.

रानजाई
मंगळवार, सकाळी ७:१५

बापरे, डबे भरता भरता वाचलं. म्हणजे क्लासवाले अगदीच हवेत बोलत नव्हते? आता आणखी गोंधळले.

ठोकळा
मंगळवार, दुपारी १:३०

हाडवैद्यांनी फरक का असतो ते सांगितलं. मी किती असतो ते सांगतो, कारण गोम तिथेच आहे. (पोट आकडेमोडीवर भरतं, शरीरशास्त्राशी संबंध नाही.)

या विषयावरचे ढीगभर अभ्यास एकत्र करून होनेकॉप आणि वॉटसन यांनी २०१० मध्ये हिशेब मांडला. फरक दोन्ही हातांत आहे, उजव्यात थोडा जास्त. पण आकाराने तो एका प्रमाण विचलनाच्या निम्म्याहूनही कमी. हे भाषांतर न करता कोणाला कळणार नाही, म्हणून असं बघा. कोणताही एक मुलगा आणि कोणतीही एक मुलगी घ्या आणि मुलग्याचं गुणोत्तर कमी असेल यावर पैज लावा. फरक अजिबात नसता तर शंभरातल्या पन्नास पैजा जिंकला असतात. आहे त्या फरकाने साधारण साठ-बासष्ट जिंकाल. उरलेल्या अडतीस-चाळीस जोड्यांत मुलीचंच गुणोत्तर कमी.

तुलनेला मोठ्या माणसांची उंची घ्या. पुरुष बाईपेक्षा उंच असेल ही पैज शंभरात नव्वदहून जास्त वेळा जिंकता येते, आणि तरीही आपण उंच बाईला ‘पुरुषी प्रकार’ असं लिहून देत नाही. निदान छापून तरी देत नाही.

म्हणजे रानजाईच्या मुलीचं गुणोत्तर खरोखर ०.९५ असलं, तरी तशा असंख्य मुली असतात. ‘पुरुषी’ हा शब्द गटाच्या सरासरीतून आला आणि थेट पोरीच्या कपाळावर चिकटवला.

आता मोजणीकडे या. अहवालात ४२ आणि ४४ असे पूर्ण आकडे आहेत, म्हणजे साधी फुटपट्टी वापरली. फुटपट्टीवर ४२ दिसतं तेव्हा खरी लांबी ४१.५ ते ४२.५ यांत कुठेही असू शकते. ४४चंही तेच. एका टोकाला ४१.५ भागिले ४४.५ म्हणजे ०.९३, दुसऱ्या टोकाला ४२.५ भागिले ४३.५ म्हणजे ०.९८. मुलगे आणि मुली यांच्या सरासरीतला फरक साधारण ०.०१ ते ०.०२ असतो. या मापाच्या हातावर तो एक मिलिमीटरही भरत नाही. फुटपट्टीची चूकच फरकापेक्षा दुप्पट-तिप्पट मोठी. आणि हे मूल पुतळ्यासारखं बसलं असं धरून.

लोकलप्रवासी
मंगळवार, दुपारी १:४१

“मूल पुतळ्यासारखं बसलं असं धरून”

गृहीतक फारच धाडसी आहे साहेब.

चाफेकळी
मंगळवार, दुपारी ३:०५

परळला बालवाडीत शिकवते, त्यामुळे लोकलप्रवासींना अनुमोदन. आज हा धागा वाचून भाच्यावर प्रयोग केला, वय साडेतीन. तळहात वर करून टेबलावर ठेव म्हटलं तर आधी मूठ. मूठ सोडवली तर बोटं फाकवून ‘वाघ’. बोटं जवळ आणली तर अनामिका आपोआप वाकते, ती एकटी सरळ राहतच नाही. नखाखाली प्लॅस्टिसिन, ते काढेपर्यंत हात गायब.

आणि मुळात मोजायचं कुठून? तर्जनीच्या बुडाशी त्याला एकच ठळक रेघ आहे. अनामिकेच्या बुडाशी दोन, एकीखाली एक, मध्ये तांदळाच्या दाण्याएवढी जागा. वरच्या रेघेपासून मोजलं की अनामिका आखूड, खालच्या रेघेपासून मोजलं की लांब. एकाच हाताचे दोन निकाल आले, एक ‘मुलीचा’ आणि एक ‘मुलाचा’. हाडवैद्य, बरोबर कोणतं?

हाडवैद्य
मंगळवार, रात्री ९:५०

चाफेकळी, उत्तम निरीक्षण. नियम असा की तळहाताच्या सर्वांत जवळची, म्हणजे तुमची खालची रेघ धरायची आणि तिच्या मधोमधपासून बोटाच्या टोकापर्यंत मोजायचं, नख सोडून. मापाला व्हर्नियर कॅलिपर, अकरावीच्या प्रॅक्टिकलला असतो तो, डिजिटल मिळाला तर बरा. प्रत्येक बोट दोनदा मोजायचं, दुसऱ्यांदा मोजताना पहिला आकडा समोर नको. शक्य तर दोन वेगळ्या माणसांनी मोजायचं आणि मोजणाऱ्याला मूल मुलगा की मुलगी हे ठाऊक नसावं. बाळमुठी मोजताना हे शेवटचं जमवणं कठीण जातं, फ्रॉक दिसतोच.

कोणाला सुचेल की हाताची झेरॉक्स काढून त्यावर मोजावं. पूर्वी अनेक अभ्यासांत तसंच केलंय. पण काचेवर दाबल्यावर बोटाच्या टोकाची गादी चपटी होते आणि सगळ्या बोटांची सारखी होत नाही. झेरॉक्सवरची गुणोत्तरं प्रत्यक्ष हातावर घेतलेल्या मापांपेक्षा कमी येतात, हे मॅनिंग यांच्याच गटाने नंतर दाखवलं. म्हणून एका अभ्यासाची झेरॉक्स आणि दुसऱ्याचा कॅलिपर शेजारी ठेवून तुलना करायची नाही.

सगळ्यात स्वच्छ पद्धत एक्स-रेची, रेघांचा प्रश्नच मिटतो. अमेरिकेत ओहायोमध्ये फेल्स नावाचा दीर्घकालीन अभ्यास १९२९ पासून चालू होता. त्यात त्याच त्या मुलांच्या हातांचे एक्स-रे वर्षानुवर्षं काढलेले होते. मॅकिन्टायर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये त्या जुन्या एक्स-रेंवर बोटं मोजली. गुणोत्तर बालपणी स्थिर बसत नाही, वयाबरोबर हळूहळू वाढत जातं असं दिसलं. म्हणजे चार वर्षांच्या मुलीचा आकडा मोठ्यांच्या सरासरीशी ताडून बघणं हीच पहिली गफलत. आज मात्र निव्वळ बोटं मोजायला कोणी लहान मुलाचा एक्स-रे काढू नये, किरणोत्सर्ग फुकट.

विक्षिप्त_वामन
मंगळवार, रात्री १०:२०

ठीक, फरक आहे असं घटकाभर मानतो. पण तो संप्रेरकांमुळेच हे कशावरून? मोठ्या माणसाचं बोट लांब, छोट्याचं आखूड. लांब हातात गुणोत्तर आपोआप कमी होत असेल, एवढी साधी गोष्ट असेल. उंदीर दाखवून माणूस सिद्ध होत नाही.

ठोकळा
मंगळवार, रात्री १०:४८

वामनराव, तुम्ही चिडून बोललात पण प्रश्न अस्सल आहे. नेमका हाच आक्षेप क्राटोखविल आणि फ्लेग्र या झेक संशोधकांनी २००९ मध्ये घेतला होता. तर्जनी आणि अनामिका सारख्या प्रमाणात वाढत नाहीत, त्यामुळे बोटं लांब असली की गुणोत्तर घसरतं. मग पुरुषांचं कमी गुणोत्तर म्हणजे निव्वळ मोठा हात, असं त्यांचं म्हणणं. वाद अजून मिटलेला नाही.

मात्र लहान मुलांचा उपयोग इथेही होतो. चार-पाच वर्षांच्या मुलगा-मुलीच्या हातांच्या आकारात फारसा फरक नसतो. तरीही गुणोत्तरात दिसला तर तो सगळाच्या सगळा आकाराच्या खात्यावर टाकता येणार नाही. फक्त तो लहान वयात आणखी बारीक असतो, आणि बारीक फरक पकडायला जास्त मुलं आणि चांगली मापं लागतात.

हाडवैद्य
मंगळवार, रात्री ११:१५

आणि माणसांतला पुरावाही आहे वामनराव. काही स्त्रियांत गुणसूत्रं एक्सवाय, म्हणजे पुरुषांसारखी असतात, शरीरात टेस्टोस्टेरॉन तयार होतं, पण त्याचा ग्राहक कामच करत नाही, त्यामुळे शरीर बाईचं घडतं. बेरेनबॉम आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अशा स्त्रियांची बोटं मोजली. त्यांचं सरासरी गुणोत्तर बायकांसारखं निघालं. टेस्टोस्टेरॉनचा हात आहे, याला यातून बळ मिळतं.

पण त्याच निबंधातला दुसरा निष्कर्ष कोणी सांगत नाही. या स्त्रियांवर टेस्टोस्टेरॉनचा परिणाम शून्य, म्हणजे सगळ्या सारख्याच. गुणोत्तर फक्त त्यानेच ठरत असतं तर त्यांच्यात आपसात फरक अगदी कमी दिसायला हवा होता. तो इतर बायकांत असतो तेवढाच निघाला. म्हणजे या बाईचं ०.९४ आणि त्या बाईचं १.०१ यामागे बहुतांशी भलतंच काहीतरी असतं. ‘अनामिका बघून गर्भातलं टेस्टोस्टेरॉन ओळखा’ हा दावा एका व्यक्तीपुरता तिथेच कोसळतो.

नवखा_बाप
बुधवार, सकाळी ८:०२

आमचं बाळ तीन महिन्यांचं, मुलगा. जन्मतःच फरक दिसतो का? बायको म्हणते बाळाला सुखाने झोपू दे.

हाडवैद्य
बुधवार, सकाळी ८:३०

बायकोचं ऐका.

जन्माआधीच्या गर्भांचे हात मोजलेल्या अभ्यासांतही (गालिस आणि सहकारी, २०१०) फरक आहे, पण मुलांत आणि मोठ्यांत असतो त्याहून कमी. निकमायर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये जन्मापासून दोन वर्षांपर्यंतच्या ३६४ मुलांची बोटं मोजली. या काळात गुणोत्तर बरंच हलतं. मुलग्यांमध्ये जन्मानंतर पहिल्या काही महिन्यांत टेस्टोस्टेरॉन थोडे दिवस पुन्हा उसळतं, म्हणून त्यांनी तिसऱ्या महिन्यात लाळेतलं टेस्टोस्टेरॉनही तपासलं होतं. बोटांच्या गुणोत्तराशी त्याचा धड मेळ लागला नाही.

गोदाक्का
बुधवार, सकाळी ११:४०

मी बहात्तरीची, तुमचे आकडे सगळे कळले असं म्हणणार नाही. पण गर्भातली संप्रेरकं मोजली कशी, हा प्रश्न पडला म्हणून नातवाकडून शोधून घेतलं. केंब्रिजमध्ये सायमन बॅरन-कोहेन यांच्या गटाने २००४ मध्ये ३३ मुलांचा अभ्यास केला. आयांची गर्भजल परीक्षा वैद्यकीय कारणाने झालेलीच होती, त्या पाण्यातले टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन आणि मूल दोन वर्षांचं झाल्यावर त्याच्या उजव्या हाताची बोटं, यांचा मेळ घातला. टेस्टोस्टेरॉन इस्ट्रोजेनच्या मानाने जास्त तर गुणोत्तर कमी, असं आढळलं.

गर्भजल परीक्षा हे शब्द वाचले आणि मला दादर-गिरगावातल्या जाहिराती आठवल्या. ऐंशीच्या दशकात या मुंबईत हीच परीक्षा मुलगी आहे का बघायला करत आणि मुलगी असली तर पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. उघड चाले सगळं, पाट्या लावून. आम्ही त्याविरुद्ध सह्या गोळा करत लोकलच्या बायकांच्या डब्यात फिरलोय. चळवळीचा रेटा झाला तेव्हा १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात पहिला कायदा केला, मग १९९४ मध्ये केंद्राचा आला. तिकडे त्या पाण्यावरून दोन वर्षांच्या पोरांची बोटं समजून घेत होते, इकडे त्याच पाण्यावरून पोरी पुसल्या जात होत्या.

म्हणून विचारते, सोनोग्राफीत बोटं बघून मुलगा-मुलगी ओळखायचं नवं खूळ निघणार नाही ना? लोकांचा काही नेम नाही.

ठोकळा
बुधवार, दुपारी १:१०

अक्का, नाही निघणार, निघालं तर आपटेल. अगदी अचूक मापं हातात असली तरी गुणोत्तरावरून मुलगा की मुलगी सांगायला गेलात तर शंभरात अठ्ठावन्न-एकोणसाठ वेळा बरोबर याल. नाणं उडवलं तर पन्नास. आणि गर्भात फरक आणखी बारीक, त्यात सोनोग्राफीत मिलिमीटरचे अंश मोजायचे. आणि समजा जमलंच, तरी कायद्याला पद्धतीशी देणंघेणं नाही. गर्भाचं लिंग सांगणं हाच गुन्हा आहे, मग ते बोटावरून सांगा नाहीतर पानाफुलावरून.

दुपारचा_चहा
बुधवार, दुपारी ४:००

मस्त धागा. पण रोबोटिक्सचं काय? गणिताशी संबंध असतो असं मीही पेपरात वाचलं होतं.

ठोकळा
बुधवार, सायंकाळी ६:२५

वाचलं असणार, २००७ मध्ये जगभर छापून आलं होतं. बाथ विद्यापीठाच्या मार्क ब्रॉस्नन यांनी सातएक वर्षांच्या ७५ ब्रिटिश मुलांची बोटं आणि त्यांचे गणित व भाषेचे परीक्षेतले गुण यांचा संबंध लावला होता, आणि तो लागला. पण ७५ मुलं. त्यांना मुलगे-मुली असं विभागलं की एकेका गटात तीस-चाळीस उरतात, तिथे दोन-चार हुशार पोरंही सगळं चित्र फिरवू शकतात.

तसाच लंडनच्या शेअर दलालांचा निबंध, २००९ चा. ४४ पुरुष दलाल, ज्यांचं गुणोत्तर कमी त्यांची कमाई जास्त. इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉलपटूंचं गुणोत्तर कमी, तो निबंध २००१ चा. बोटं मोजायला खर्च शून्य, त्यामुळे या विषयावर निबंधांचा पाऊस आहे. ज्यात संबंध निघतो तो छापून येतो, ज्यात निघत नाही तो ड्रॉवरमध्ये राहतो.

हे सगळं खरं धरलं तरी ते गटाचं असतं. रानजाईच्या मुलीचा हिशेब त्यातून निघत नाही.

लोकलप्रवासी
बुधवार, सायंकाळी ६:४०

दलाल स्ट्रीटवर मुलाखतीला आता बायोडेटाऐवजी हात दाखवायचा. माझी अनामिका चांगली लांब आहे, डिमॅट मात्र लाल.

चाफेकळी
बुधवार, सायंकाळी ७:३०

एक शंका. या सगळ्या सरासऱ्या इंग्लंड-अमेरिकेच्या. माझ्या वर्गात कोकणातली, बिहारची, तमिळ, गुजराती, नेपाळी अशी सगळी पोरं आहेत. त्यांना कोणाच्या फूटपट्टीने मोजायचं?

हाडवैद्य
बुधवार, रात्री ९:१५

कोणाच्याच नाही. मॅनिंग यांनी स्वतः वेगवेगळ्या समाजांतल्या मुलांची बोटं मोजली तेव्हा समाजासमाजांतला फरक मुलगा-मुलगी फरकापेक्षा मोठा निघाला. म्हणजे एका समाजातल्या मुलींची सरासरी दुसऱ्या समाजातल्या मुलग्यांपेक्षाही खाली असू शकते. टांझानियातल्या हाद्झा या शिकारी समाजात तर अपिसेला आणि सहकाऱ्यांना (२०१६) स्त्री-पुरुषांत अपेक्षित फरकच सापडला नाही. तुमच्या वर्गातल्या तमिळ मुलीला लिव्हरपूलच्या आकड्यावरून ‘पुरुषी’ ठरवणं म्हणजे पत्ता न बघता पत्र टाकणं.

त्यातला त्यात भरवशाचा प्रकार म्हणजे त्याच मुलांना काही वर्षांनी पुन्हा मोजणं. रॉबर्ट ट्रिव्हर्स आणि मॅनिंग यांनी जमैकातल्या मुलांवर ते केलं. गुणोत्तर वयाबरोबर किंचित वाढलं, पण मुलगे-मुलींतला फरक टिकून राहिला. मुंबईतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांवर कोणी असं नीट केलं तर मला वाचायला आवडेल. मापं घेताना पालकांची लेखी परवानगी, आणि कोणाला वैयक्तिक आकडा हातात द्यायचा नाही, एवढी मात्र अट.

विक्षिप्त_वामन
बुधवार, रात्री ९:४०

जमैकाचं वाचलं, पटलं. ‘थोतांड’ क्लासवाल्यांसाठी राखून ठेवतो, बोटांसाठी मागे घेतो. पण त्यांनी ठसेही घेतलेत ना? त्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगण्याला काय आधार?

हाडवैद्य
बुधवार, रात्री १०:०५

काहीच नाही. ठशांवरून बुद्धिमत्तेचे प्रकार सांगणाऱ्या या चाचण्यांना शास्त्रीय आधार नाही, असं भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने, जाहीरपणे सांगितलेलं आहे. बोटांच्या गुणोत्तरामागे निदान खरा, बारीक का होईना, फरक आहे. या अहवालात एक खरी गोष्ट आणि एक बनाव एकाच पानावर छापलेत, म्हणून लोकांना दोन्ही खरं वाटतं.

रानजाई
गुरुवार, सकाळी ९:२०

सगळ्यांचे आभार. ठोकळा यांचा फुटपट्टीचा हिशेब काल सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात साठेक मेसेज. कमिटीने पुढच्या रविवारचं दुसरं सत्र ‘तूर्तास’ पुढे ढकललंय. पण बी विंगमधल्या एकीने खाजगीत विचारलं, “माझ्या मुलाचं ०.९३ आलं म्हणून आम्ही रोबोटिक्सची वर्षभराची फी भरलीय. आता काय?” तिला काय सांगू, खरंच कळेना. मुलगा जातो आनंदाने, हेही खरं.

सासूबाईंनी हात बघणं थांबवलंय. आता स्वतःची बोटं मोजतायत.

ठोकळा
गुरुवार, सकाळी १०:०५

आनंदाने जात असेल तर जाऊ द्या की. फी ०.९३ साठी भरली असं न धरता त्याला स्क्रू फिरवायला आवडतं म्हणून भरली असं धरायला सांगा. नाही आवडलं तर पुढच्या वर्षी कबड्डी.

हाडवैद्य
गुरुवार, सकाळी १०:४०

रानजाई, एक काम आजच करा. दहा बोटांचे ठसे त्यांच्याकडे आहेत, लेकीचं नाव, जन्मतारीख, फ्लॅट नंबर सगळ्यासकट. ते कुठे ठेवलेत, किती काळ ठेवणार, आणखी कोणाला देणार, हे लेखी विचारा आणि पुसून टाकल्याचं लेखी कळवायला सांगा. मुलांची वैयक्तिक माहिती वापरायला पालकांची संमती लागते, असं २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आहे. नाव देताना सही केलेल्या फॉर्मवर बारीक अक्षरात काय होतं, तेही एकदा काढून बघा. सगळ्या मजल्याने मिळून एकच पत्र दिलंत तर उत्तर लवकर येईल.

रानजाई
गुरुवार, सकाळी १०:५५

फॉर्म सापडला. ठशांबद्दल ओळ आहे, ‘संशोधन व प्रसिद्धीसाठी वापर’ म्हणे. आज संध्याकाळी कमिटीच्या मीटिंगला घेऊन जाते.